मान उघडी ठेवणारी बाई

माझ्या डाव्या गालावर, कानाच्या पाळीला लागून, जुन्या रुपयाएवढी एक जागा आहे. तिथली कातडी लसणाच्या सालीसारखी पातळ आणि पांढुरकी आहे. पावडर लावली तर तिथं बसत नाही. नवीन ओळख झालेलं माणूस थोड्या वेळानं विचारतंच, "भाजलं होतं का?" पूर्वी मी हो म्हणून मोकळी व्हायची. आता खरं ते सांगते. टीबी झाला होता, कातडीचा. त्यावर बहुतेक जण म्हणतात, "कातडीलाही होतो?"

होतो, आणि एकाच तऱ्हेनं होत नाही. मी बीए मराठीची मुलगी. हे मला दवाखान्याच्या व्हरांड्यात, सुईची वाट बघत बसणाऱ्या दोन माणसांनी शिकवलं. त्यातल्या एका बाईविषयी मला सांगायचं आहे. पण तिची गाठ पडली ती या गालामुळे, म्हणून आधी गालाचं सांगते.

मी नऊ वर्षांची असताना तिथं एक पुटकुळी आली. वडील पाटबंधारे खात्यात कारकून होते. प्रताप नगरात त्यांनी दोन खोल्या बांधल्या होत्या; आजूबाजूला मोकळे प्लॉट, बाभळी आणि मुरमाचा रस्ता. पुटकुळी बसेल म्हणून कोणी लक्ष दिलं नाही. ती बसली नाही. दुखत नव्हती, खाजत नव्हती, फक्त पसरत होती. दर वर्षाला तांदळाच्या दाण्याएवढी पुढं. गंमत म्हणजे एका बाजूनं ती वाळायची, तिथं कातडी पातळ व्हायची आणि दुसऱ्या बाजूनं पुढं सरकायची. आई वाळलेली बाजू बघून म्हणायची, "बरं होऊन राहिलं आता." मी आरशात पुढची बाजू बघायची.

नायटा समजून मलम झालं, कडुलिंबाचा पाला झाला. काटोलच्या मावशीनं एका वैद्याकडून बिब्बा लावून आणला, त्यानं गाल आठ दिवस सुजला आणि डाग मात्र तसाच राहिला. मॅट्रिकला आले तोवर मी वेणी डाव्या खांद्यावरून पुढं घ्यायला शिकले होते. फोटो काढताना उजवा गाल पुढं. वर्गात मी नेहमी भिंतीकडेच्या बाकावर, डावी बाजू भिंतीला लावून बसायची. असं वागून वागून माणसाला ती सवयच आपला स्वभाव वाटायला लागते.

सत्तरनंतरची एक-दोन वर्षं असतील. कॉलेजात माझ्याशेजारी बसणारी मैत्रीण एक दिवस दोन बाक मागं जाऊन बसली. मी विचारलं तर रडायलाच लागली. "आई म्हणते, तुले महारोग आहे. डबा खायचा नाही म्हणते." मी घरी येऊन सांगितलं नाही, पण दोन दिवस जेवले नाही, तेव्हा आईनं काढून घेतलं. दुसऱ्या दिवशी रजा टाकून वडिलांनी मला सायकलवर मागं बसवलं आणि महारोगाच्या दवाखान्यात नेलं.

तिथल्या डॉक्टरांनी मला डोळे मिटायला सांगितले. कापसाचा बोळा, मग सुईचं टोक, गालावर इथं-तिथं लावून विचारत होते, "कुठं लागलं? बोट ठेव." मी दर वेळी बरोबर जागी बोट ठेवलं. ते वडिलांना म्हणाले, "महारोगात चट्टा बधिर होतो. हिला सगळं कळतंय. हा महारोग नाही. मोठ्या दवाखान्यात, चर्मरोगाच्या विभागात न्या." परत येताना वडिलांनी सायकल थांबवली, दुकानातून पावशेर संत्रा बर्फी घेतली आणि ती पुडी माझ्या हातात दिली. एवढंच.

चर्मरोग विभागात एक डॉक्टरीणबाई होत्या. सगळे त्यांना मॅडम म्हणत. सुती साडी, तिच्यावर बाह्या दुमडलेला पांढरा कोट, चष्मा दोऱ्यानं गळ्यात अडकवलेला. त्यांनी माझी वेणी स्वतः मागं टाकली, मला खिडकीशी उभं केलं आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठेवतात ती काचेची पट्टी गालावर दाबली. काचेतून कितीतरी वेळ बघत राहिल्या. मग तीन-चार शिकाऊ डॉक्टरांना बोलावलं.

"काच दाबली की लाली जाते," त्या त्यांना म्हणाल्या. "मागं काय राहिलं? हे पिवळसर, तपकिरी, पारदर्शक ठिपके. पुस्तकात शिजवलेल्या सफरचंदाचा रंग म्हणतात." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "आपण नागपूरचे. आपण संत्र्याच्या मुरंब्याचा रंग म्हणू."

दहा वर्षांत त्या गालाकडे बघून कोणी हसून बोललं होतं ते पहिल्यांदा.

मग हातावर तपासणीची टोचणी झाली, ती तिसऱ्या दिवशी चांगली टेंगळासारखी फुगली. गालाचा मसुराएवढा तुकडा काढला. छातीचा फोटो काढला, तो स्वच्छ निघाला. पंधरा दिवसांनी मॅडमनी आईवडिलांना समोर बसवून सांगितलं, "हा क्षय आहे. फुप्फुसाचा नाही, कातडीचा. हिच्यापासून दुसऱ्याला होण्याची भीती जवळजवळ नाही. औषध आहे आणि हिला पूर्ण बरं वाटेल. पण तीन महिने रोज सुई आणि दीड वर्ष रोज गोळ्या. एक दिवस चुकवायचा नाही."

आईनं तोंडाला पदर लावला. तिच्या माहेरी क्षयानं माणूस गेलेलं होतं. वडील मात्र म्हणाले, "महारोग नाही ना? मग होऊ द्या सुया." दोन वाईटांतलं एक त्यांनी मनातल्या मनात निवडून टाकलं होतं. घरी आल्यावर आईनं माझी कपबशी वेगळी काढली. मॅडमनी गरज नाही म्हणून सांगितलं होतं, तरी काढली.

सुया सकाळी आठला सुरू होत. व्हरांड्यात भिंतीला लागून एक लांब बाक होता, आणि आतल्या खोलीत सिस्टर पाण्यात सुया उकळत असे. पहिल्या दिवशी मी बाकाच्या टोकाला, डावी बाजू भिंतीकडे करून बसले. शेजारी एक बाई येऊन बसली. तिशीची असेल. काळीसावळी, काटक, नऊवारीचा काचा घट्ट मारलेला. तिनं पदर खांद्यावरून काढून सरळ कमरेला खोचला, तशी तिची मान दिसली. दोन्ही बाजूंना गाठी होत्या, काही फुटलेल्या, काही वाळलेल्या. वाळलेल्या जागी कातडी दोरीसारखी पिळून ओढली गेली होती. दोन-तीन ठिकाणी पैशाएवढे गोल डागल्याचे व्रण. मी नजर काढून घेतली.

"पाहा वं, लाजू नको," ती म्हणाली. "गंडमाळ आहे. तुले काय झालं?"

मला तोवर कोणी इतकं सरळ विचारलं नव्हतं. मी वेणी बाजूला केली. तिनं जवळ येऊन पाहिलं, मान डोलावली. "म्हणजे आपण एकाच सुईचे."

ती पारशिवनीकडच्या एका खेड्यातली. नवरा शेतमजूर, एक मुलगी. मानेला गाठी आल्या तेव्हा गावानं देवाचा कोप ठरवला आणि एका माणसाकडून डागण्या दिल्या. ती गप्प बसून सोसत राहिली नाही. पारशिवनीच्या दवाखान्यातल्या कंपाउंडरनं नागपूरच्या नावानं चिठ्ठी दिली, ती पदराला बांधून एकटीच मोटारीत बसली. आता भावाच्या झोपडीत राहून सकाळी सुई घ्यायची आणि तिथूनच संत्र्याच्या बाजारात संत्री निवडायच्या कामाला जायची. मुलगी गावी सासूजवळ होती. तिचं नाव काढलं की मात्र ती थोडा वेळ व्हरांड्याबाहेर बघत राहायची.

मी एकदा तिला विचारलं, "तुम्ही पदर काहून घेत नाही मानेवर? लोकं पाहतात."

"पाहू दे ना. झाकली तं लोकं म्हणतात काहीतरी भलतंच असन. उघडी ठेवली तं इचारतात. इचारलं का म्या सांगतो. सांगतलं का त्याईले समजते." तिकडच्या बायका स्वतःविषयी 'सांगतो' म्हणतात, ती तसंच बोलायची.

बाकावर तिसरे होते एक काका, पन्नाशीचे. दवाखान्याला लागून असलेल्या कॉलेजात, मुलं प्रेतं फाडून शिकतात त्या हॉलमध्ये ते नोकरीला होते. उजव्या हाताच्या पहिल्या बोटाच्या सांध्यावर त्यांना चामखिळीसारखी खरखरीत, चिरा पडलेली गाठ होती. आठ वर्षं होती. ते ब्लेडनं तासायचे, ती परत वाढायची. एके दिवशी मॅडम काही कामानं त्या हॉलमध्ये गेल्या, काकांनी त्यांना खुर्ची दिली, आणि खुर्चीवर टेकवलेलं बोट त्यांनी पाहिलं.

"एवढ्या डॉक्टरायले म्या माणूस आतून दाखवला," काका म्हणायचे, "पण माह्या हाताकडे आठ वर्षं कोणी पाह्यलं नाही." हे ते तक्रार म्हणून सांगत नसत, हसून सांगत. छप्पन साली त्यांनी दीक्षा घेतली होती. "त्या दिवसापासून मान खाली घालून चाललो नाही," म्हणायचे. त्यांचा शर्ट रोज इस्त्रीचा असे.

एकदा मॅडम बाकाजवळून जाताना आम्हाला तिघांना ओळीनं बसलेलं पाहून थांबल्या. बाईनं त्यांना विचारलं, "डॉक्टरीनबाई, आमची सुई एक, गोळी एक, मंग आमचं तिघायचं दिसते काहून येगळं येगळं?"

मॅडमना हा प्रश्न फार आवडला असावा. त्या चक्क बाकावर टेकल्या. "जंतू एकच आहे," त्या म्हणाल्या. "आला कुठून आणि भेटला कोणाला, यावर ठरतं. काकांच्या बोटात तो बाहेरून शिरला, एखाद्या जखमेतून, त्यांच्या कामात. त्यांच्या शरीरानं त्याला आधीपासून ओळखलं होतं, म्हणून त्याला तिथंच अडवलं आणि भोवती चामखिळीसारखी भिंत बांधली. तुझ्या मानेत तो आधी आतल्या गाठीत होता. गाठ पिकली आणि कातडी फोडून बाहेर आली. ह्या पोरीच्या गालात बहुतेक रक्तातून आला, लहानपणी कधीतरी, आणि हळूहळू पसरत बसला."

"म्हणजे याचा बाहेरून, माहा आतून आणि हिचा वाटेतून," बाई म्हणाली.

मॅडम शिकाऊ डॉक्टरांना म्हणाल्या, "लिहून घ्या. यापेक्षा सोपं मला सांगता आलं नसतं."

सुई घेतल्यावर थोड्या वेळानं ओठांभोवती मुंग्या यायच्या. सिस्टर रोज विचारायची, "कान वाजतात का? चक्कर?" मला दीड महिन्यानं फरक दिसू लागला. पुढं सरकणारी कड थांबली, मग बसली. काच दाबली तर ठिपके कमी. मी मोहरून गेले होते, आणि नेमकं तेव्हाच काटोलहून मावशीनं स्थळ आणलं. मुलगा बँकेत होता. त्यांची संत्र्याची बाग होती. मावशीचं म्हणणं असं की गाल आता जवळपास साफ आहे, उजेड उजव्या बाजूनं येईल असं हिला बसवा. आणि पाहुणे येऊन जाईपर्यंत ही दवाखान्याच्या रांगेत कोणाला दिसू नये. काटोलची माणसं त्या दवाखान्यात येत-जात असतात.

"आठ दिवसांनं काय होते?" आई म्हणाली. "गोळ्या घेऊन राहिलीच ना तू."

मी विरोध केला नाही. खरं सांगायचं तर मलाही तो बाक नकोसा झाला होता. मला इतर मुलींसारखं व्हायचं होतं, आणि ते आठ दिवसांवर आलं आहे असं वाटत होतं. मी चार दिवस गेले नाही.

चौथ्या दिवशी दुपारी फाटकाशी हाक आली. बाई उभी होती. संत्र्याच्या बाजारातलं काम टाकून, दवाखान्यापासून प्रताप नगरापर्यंत उन्हात चालत आली होती. पत्ता तिला काकांनी मिळवून दिला होता. पाय मुरमानं लाल झाले होते, मान नेहमीसारखी उघडी.

"काहून येऊन नाही राहिली वं?" फाटकातूनच तिनं विचारलं. "जिती आहेस ना?"

आईनं घाईनं तिला आत घेतलं. शेजारी बघतील म्हणून. बाई ओसरीवर भिंतीला टेकून बसली. आईनं तिला घरातली गोष्ट सांगितली, अर्धी लपवत, अर्धी आर्जव करत. "पोरीचं लग्न आहे हो बाई. तुम्हाले पण पोरगी आहे. तुम्ही समजून घ्या."

बाईनं सगळं ऐकून घेतलं. मग ती आईच्या जवळ सरकली आणि मान एका बाजूला वळवली.

"आई, ही डावी बाजू पाहा. ही देवानं देल्ली म्हणा. आता ही उजवी पाहा. ही माही म्या केली. दोन वर्षांपहिले पारशिवनीच्या दवाखान्यात मले हेच औषध लावलं होतं. तीन महिन्यांत डावी बाजू खडखडीत सुकली. घरी नणंदेचं लगन आलं. कंपाउंडर म्हणे, गोळ्या सोडू नको. म्या म्हटलं, सुकलं ना आता, लगनात कोण गोळ्या खाते? सोडल्या. आठ महिन्यांनं ही बाजू फुटली. पह्यल्यापेक्षा जोरानं. पोरीले टाकून यावं लागलं ते या उजव्या बाजूनं, डावीनं नाही."

आई तिच्या मानेकडे बघत राहिली. तिनं आजवर माझ्या गालाकडेही इतका वेळ एकटक पाहिलं नव्हतं.

"ह्या पोरीचा दुसरा गाल अजून साबूत आहे," बाई म्हणाली.

आई उठून आत गेली. चहा ठेवल्याचा आवाज आला. ती बाहेर आली तेव्हा तिच्या हातात माझी वेगळी काढलेली कपबशी होती. बाईनं कप हातात घेतला, त्याच्या कानाला बांधलेला लाल दोरा पाहिला, माझ्याकडे पाहिलं. तिच्या सगळं लक्षात आलं.

"डॉक्टरीनबाई म्हणते, आमच्या कपानं काही होत नाही," ती शांतपणे म्हणाली आणि चहा प्यायली. जाताना तिनं मला बजावलं, "सकायी ये. तुही जागा धरून ठेवतो."

ती गेल्यावर आईनं कप उचलला, तो लाल दोरा दातानं तोडला आणि कप बाकीच्या कपांबरोबर धुवायला टाकला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी बाकावर होते. चार सुया चुकल्याबद्दल मॅडमनी माझी चांगली खरडपट्टी काढली. बाई शेजारी बसून ऐकत होती आणि दर वाक्याला मान डोलावत होती.

पाहुणे त्याच आठवड्यात आले. मुलगा, त्याची आई आणि मामा. मला उजव्या बाजूनं उजेड येईल असं बसवलं होतं. पोहे झाले. मुलाच्या आईनं शिक्षणाचं, स्वयंपाकाचं विचारलं. मी उत्तरं दिली आणि मग वेणी मागं टाकून म्हटलं, "माझ्या गालाला कातडीचा टीबी आहे. औषध सुरू आहे. अजून सव्वा वर्ष घ्यायचं आहे. मग पूर्ण बरं होईल असं डॉक्टर म्हणतात."

मामांनी ताटली खाली ठेवली. मावशीनं कपाळाला हात लावला. मुलाच्या आईनं मात्र मला जवळ बोलावलं, चष्मा लावून गाल पाहिला आणि विचारलं, "हे तुले कोणी सांगायले लावलं?"

"कोणी नाही," मी म्हणाले. हे पूर्ण खरं नव्हतं.

"सांगितलं ते चांगलं केलं," त्या म्हणाल्या. आठ दिवसांनी मावशीबरोबर नकार आला. मावशी वर्षभर आमच्याकडे फिरकली नाही. मी दोन दिवस रडले. पण त्या रडण्यात शरम नव्हती, हे माझ्याही लक्षात आलं. त्यानंतर मी केस बांधून अंबाडा घालायला लागले.

तीन महिने झाले, सुया संपल्या. काकांचं बोट तोवर सपाट झालं होतं, ते सगळ्यांना ते बोट दाखवत फिरत आणि शिकाऊ डॉक्टरांना म्हणत, "पाहून घ्या गा, परीक्षेत येईन." बाईच्या मानेवरच्या जखमा वाळल्या. ती गावी गेली. जाताना गोळ्यांचा डबा तिनं पोटाशी धरला होता. महिन्याच्या पहिल्या सोमवारी गोळ्या न्यायला यायचं, तोच दिवस मी ठरवून घेतला, म्हणजे भेट व्हायची.

दुसऱ्या महिन्यात ती एकटी आली नाही. तिच्याबरोबर गावातली एक म्हातारी होती, काखेत फुटलेली गाठ घेऊन. पुढच्या महिन्यात दोन बायका. त्याच्या पुढच्या महिन्यात सात-आठ वर्षांची एक मुलगी आणि तिची आई. मुलीच्या पोटावर, पाठीवर बारीक बारीक पुरळ होतं, घामोळ्यासारखं, रंगानं कातडीसारखंच. आई म्हणत होती, घामोळंच आहे. बाई म्हणत होती, हिवाळ्यात कोणतं घामोळं? मॅडमनी मुलीची मान चाचपली, तिथं आत गाठ लागली. हाही त्याच आजाराचा एक प्रकार निघाला. जंतू गाठीत लपून बसलेला असतो आणि अंग दुरूनच त्याच्यावर चिडून असं पुरळ उठवतं, असं मॅडमनी सांगितलं. मुलीची आई घाबरली. बाईनं तिला बाकावर माझ्याशेजारी आणून बसवलं आणि मला म्हणाली, "हिले तुहा गाल दाखव. पहिले कसा होता ते सांग."

मी सांगितलं. अगदी बिब्ब्यापासून.

तिची पद्धत साधी होती. आठवडी बाजारात ती भाजी घेऊन बसायची, मान उघडी टाकून. गिऱ्हाईक मानेकडे बघायचं, विचारायचं. ती सांगायची. आणि बोलता बोलता त्याच्या मानेकडे, हातांकडे बघून घ्यायची. एकदा एका माणसानं तिला झापलं, "काहून माही मान पाहून राहिली वं?" तिनं उत्तर दिलं, "तू माही पाहून राहिला ना गा? फिट्टमफाट." तो तिथंच हसला, आणि पुढच्या पहिल्या सोमवारी तिच्यामागं दवाखान्यात आला. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं. कोणाच्या गोळ्या कधी संपतात ते ती डोक्यात ठेवायची, आणि एखाद्यानं मध्येच सोडल्या तर त्याच्या दारात जाऊन बसायची. तिथं काय बोलायची ते मला सांगायची गरज नव्हती. उजवी बाजू दाखवत असणार.

मॅडम एकदा माझ्याजवळ म्हणाल्या, "मी वीस वर्षं खोलीत बसून रोगी येण्याची वाट पाहिली. ही बाई त्यांना आणते." त्यांच्या आवाजात हेवा होता, आणि तो त्यांनी लपवला नाही.

दीड वर्षानं माझ्या गोळ्या संपल्या. मॅडमनी शेवटची काच दाबली, ठिपके नव्हते. मी शिक्षिका झाले, आमच्याच भागातल्या शाळेत. तिथल्या एका शिक्षकाशी माझं लग्न झालं. ओळख वाढायला लागली तेव्हाच मी त्यांना गालाचं सांगून टाकलं होतं. त्यांनी इतकंच विचारलं, "दुखायचं का?" या आजाराबद्दल मला सगळ्यांनी सगळं विचारलं होतं, हे कोणी विचारलं नव्हतं. मॅडमची बदली झाली, काका पेन्शनीत गेले. माझं महिन्याचं जाणं थांबलं आणि बाईची भेटही थांबली.

ऐंशीनंतरच्या एका निवडणुकीत माझी ड्युटी पारशिवनी तालुक्यातल्या एका गावी लागली. तिचं गाव तिथून दोन कोसांवर असेल, एवढं मला माहीत होतं. शाळेच्या खोलीत मी शाई लावायला बसले होते. दुपारी एक हात माझ्यापुढं आला. वर पाहिलं तर तीच. केस पांढरे व्हायला लागले होते. मुलीला त्या गावी दिलं होतं आणि जावयाच्या घराशेजारी ती आणि तिचा नवरा येऊन राहिले होते, हे मागून कळलं. तिनं मला ओळखलं. शाई लावून घेतली, मत टाकलं आणि बाहेर पडताना फक्त म्हणाली, "तुहं काम होऊ दे. बाहेर बसतो."

मतदान संपून पेट्या सीलबंद होईपर्यंत ती चिंचेखाली बसून होती. बरोबर एक तरुण सून होती, कोणा शेजाऱ्याची. तिच्या पोटरीवर खरखरीत, ओला चट्टा होता. बाईनं तिचं लुगडं थोडं वर सारून मला दाखवलं.

"पाहा वं. मले हे समजून नाही राहिलं. आपल्यातलं वाटत नाही. पण सोडूनही देववत नाही."

मलाही कळलं नाही. मी म्हटलं, "नागपूरला दाखवा."

"उद्याच्या पहिल्या मोटारीनं चाललो," ती म्हणाली. "हिच्या सासूले दोन दिवस समजावून राहिलो, तवा कुठं हो म्हणाली."

मी विचारलं, "आता काय वय झालं तुमचं? अजून तुम्हीच नेता का सगळ्यांना?"

तिला प्रश्नच कळला नाही असं तिनं माझ्याकडे पाहिलं. "रस्ता मले मालूम आहे ना," ती म्हणाली.

पुढं महिन्याभरानं तिच्या जावयाच्या हातून निरोप आला. त्या सुनेला साधा इसब निघाला होता. डॉक्टर हसले म्हणे, इतक्या लांबून एवढ्यासाठी आणलं? जावई सांगत होता, बाईनं त्यांना तिथंच विचारलं, "साधं निघालं तं बरंच झालं ना गा?" आणि निघायच्या आधी बाकावर बसलेल्या सगळ्यांच्या माना तिनं एकदा पाहून घेतल्या.